दुपारच्या सम्राज्ञी

बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, या वादापायी आपल्याकडे तीन पिढ्यांची जेवणे लांबली. लता की आशा हा वाद तर अजून मिटलेला नाही, आणि तो मिटू नये अशीच बहुतेकांची इच्छा असते. कोण कोणाच्या बाजूने भांडतो त्यावरून त्याची आवडनिवड कळते, आणि थोडाफार स्वभावही. अमेरिकेत असाच एक वाद अर्धशतकाहून अधिक काळ रंगला. नाटक-सिनेमावर लिहिणाऱ्या तिथल्या प्रतिष्ठित टीकाकारांनी त्यात फारसे लक्ष घातले नाही. तो झाला स्वयंपाकघरात, इस्त्रीच्या टेबलापाशी, केशभूषेच्या दुकानात आणि दवाखान्यात नंबर लागण्याची वाट पाहताना. वाद असा : दुपारच्या दैनंदिन मालिकांमधली सर्वांत मोठी नटी कोण?

या मालिकांना ‘सोप ऑपेरा’ म्हणतात हे आता आपल्यालाही ठाऊक आहे. नाव पडले ते हिणवण्यासाठीच. दुपारी घरात असते ती गृहिणी आणि घरातला साबण विकत घेते तीही गृहिणी, हे हेरून साबणाच्या कंपन्यांनी नभोवाणीवरच्या कौटुंबिक मालिका प्रायोजित करायला सुरुवात केली. प्रॉक्टर अँड गँबल ही कंपनी तर जाहिरातींवर थांबली नाही, काही मालिकांची ती मालकच झाली. या प्रकाराची जननी म्हणजे आयर्ना फिलिप्स. मूळ पेशाने शिक्षिका. १९३० साली शिकागोच्या नभोवाणी केंद्रावर तिची ‘पेंटेड ड्रीम्स’ सुरू झाली आणि १९३७ साली ‘द गायडिंग लाइट’. ही दुसरी मालिका १९५२ साली दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ च्या सप्टेंबरात संपली. नभोवाणी आणि पडदा मिळून बहात्तर वर्षे! तेवढ्यात एखाद्या घराण्यात पणतवंडे खेळू लागतात.

आयर्नाबाईंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आपली प्रेक्षक पडद्याकडे पाठ करून भांडी घासत असणार, भाजी चिरत असणार. तेव्हा गोष्ट कानांनी कळली पाहिजे, आणि मधला एखादा दिवस चुकला तरी धागा सापडला पाहिजे. म्हणून कथा गोगलगाईच्या गतीने जाते, म्हणून कालची बातमी आज तिसऱ्या पात्राला पुन्हा सांगितली जाते. आपण या गोष्टींना हसतो. पण अशा मालिकेत नटीच्या हाती मुख्य हत्यार उरते ते आवाज. चेहरा तर प्रेक्षक अधूनमधूनच बघणार!

आणि कष्ट किती! आठवड्याला पाच भाग, वर्षाला सुमारे अडीचशे. सुट्टीचा हंगाम नाही. रात्रीच्या मालिकेतली नटी वर्षाकाठी वीस-बावीस भाग करते आणि मग चित्रपट करायला मोकळी होते. दुपारची नटी आज केलेले संवाद विसरून रात्री उद्याचे पाठ करते. तालीम नावापुरती, चित्रण बहुधा पहिल्या झटक्यात. सुरुवातीच्या काळात तर सगळे थेट प्रक्षेपित होत असे. १९५६ साली सुरू झालेली ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ १९७५ पर्यंत थेट चालू होती. म्हणजे शब्द अडला तर सबंध देशासमोर अडणार.

या मालिकेचा पहिला संवाद ज्या नटीच्या तोंडी होता ती हेलन वॅग्नर. भूमिका नॅन्सी ह्यूज या गृहिणीची. २ एप्रिल १९५६ रोजी सकाळी नवऱ्याला उठवून ती कामाला लागली ती २०१० साली वॅग्नरबाई वयाच्या ९१ व्या वर्षी वारल्या तेव्हाच थांबली. मधले काही खंड सोडले तर चोपन्न वर्षे एकच भूमिका, एकच स्त्री. गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. गंमत अशी की, सुरुवातीलाच आयर्ना फिलिप्स यांनी तिला काढून टाकले होते. कॉफी ओतण्याची हिची पद्धत बाईंना पसंत नव्हती, असे वॅग्नर सांगत असे. पुढे परत बोलावले, आणि मग अर्धशतकभर ती कॉफी ओतत राहिली.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारी नॅन्सी आपल्या सासऱ्याशी बोलत होती. मुलाने आपल्या घटस्फोटित बायकोला सणाच्या जेवणाला बोलावले आहे, हा विषय. मध्येच पडदा बदलला आणि वॉल्टर क्रॉंकाइटचा आवाज आला : डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. स्टुडिओत कोणालाच हे माहीत नव्हते. वॅग्नर आणि सासऱ्याचे काम करणारा सान्तोस ऑर्टेगा आपला प्रवेश करतच राहिले. लाखो घरांत माणसे जागीच खिळली होती आणि इकडे नॅन्सी मुलाच्या संसाराची काळजी करत होती. या मालिकांची सगळी जातकुळी मला त्या क्षणात दिसते.

वॅग्नर या वादात कधीच पहिल्या क्रमांकावर नसते. चांगुलपणाला टाळ्या मिळत नाहीत. त्याच मालिकेत तिच्या सुनेचे काम करणारी आयलीन फुल्टन मात्र १९६० साली आली आणि देशभरच्या सासवांची वैरीण झाली. तिची लीसा स्वार्थी, फसवी, नवऱ्यावर नवरे बदलणारी. न्यूयॉर्कमध्ये एका दुकानाबाहेर एका अनोळखी बाईने ‘तू लीसाच ना?’ असे विचारून खात्री करून घेतली आणि मग तिला मारले. फुल्टनला शरीररक्षक ठेवावा लागला. आपल्याकडे निळू फुल्यांना पाहून खेड्यातल्या बायका घरात पळत, त्यातलाच हा प्रकार. फुल्टनबाई व्यवहाराला पक्क्या होत्या. आपल्या संमतीशिवाय लीसाला आजी करायचे नाही, असे कलमच त्यांनी करारात घालून घेतले. नटी आजी झाली की तिला खुर्चीत बसवतात, हे त्यांनी तरुणपणीच ओळखले होते. २०१० साली मालिका संपेपर्यंत त्या त्यात होत्या, आणि २०२५ साली ९१ व्या वर्षी वारल्या.

वय हा या क्षेत्रातला सगळ्यात अवघड मामला. हॉलिवूडच्या नटीला वय लपवता येते. दोन चित्रपटांच्या मध्ये ती दिसतच नाही. ही तर रोज दिसते. ‘द यंग अँड द रेस्टलेस’ मधल्या जीन कूपरने या मामल्याचा निकाल आपल्या पद्धतीने लावला. १९७३ पासून ती कॅथरीन चॅन्सलर ही श्रीमंत, मद्यपी, एकाकी स्त्री साकारत होती. १९८४ साली तिने स्वतःच्या चेहऱ्यावर सुरकुत्या काढण्याची शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरवले आणि निर्मात्यांना सांगितले, कॅमेरा आणा. खऱ्या शस्त्रक्रियेचे खरे चित्रण कॅथरीनची शस्त्रक्रिया म्हणून मालिकेत दाखवले गेले. पट्टीत गुंडाळलेला, सुजलेला चेहरा आणि मग हळूहळू उघडणारे डोळे. कुठल्या नाट्यशाळेत हे शिकवतील? दारूशी झालेली आपली स्वतःची झुंजही कूपरने लपवली नाही. २०१३ च्या मे महिन्यात ती गेली, तोपर्यंत चाळीस वर्षे कॅथरीन जिवंत होती.

आता वादाच्या मुख्य दोन पक्षांकडे येऊ. पहिला पक्ष सुझन लूचीचा. १९७० च्या जानेवारीत एबीसी वाहिनीवर ‘ऑल माय चिल्ड्रेन’ सुरू झाली. लेखिका अ‍ॅग्नेस निक्सन, आयर्ना फिलिप्सची शिष्या पण गुरूपेक्षा धीट. १९६२ साली ‘गायडिंग लाइट’ लिहिताना गर्भाशयाच्या कर्करोगाची कथा निक्सनने घातली होती. बायकांनी वेळीच तपासणी करून घ्यावी हा हेतू. प्रायोजक आणि वाहिनी तयार झाली ती एका अटीवर : ‘कर्करोग’, ‘गर्भाशय’ हे शब्द उच्चारायचे नाहीत! आणि निक्सनने ते शब्द न उच्चारता कथा सांगितली. अशा लेखिकेने लूचीला दिली एरिका केन. पाइन व्हॅली नावाच्या काल्पनिक गावातली शाळकरी पोरगी; बाप टाकून गेलेला, आई सोशिक, स्वतःच्या रूपाची पुरेपूर जाणीव असलेली, दुसऱ्याचा नवरा हा आपला हक्क समजणारी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला ते साल १९७३. त्याच वर्षी एरिकाने गर्भपात करून घेतला. बलात्कार नाही, जिवाला धोका नाही; मॉडेल म्हणून काम करायचे आहे आणि मूल नको आहे, एवढेच कारण. अमेरिकी दूरचित्रवाणीवर कायदेशीर गर्भपात करणारी ती पहिली नायिका मानली जाते. पुढे तिने किती लग्ने केली याची मोजदाद चाहत्यांमध्येही एकसारखी नाही, कारण काही बेकायदा ठरली आणि काही त्याच नवऱ्याशी दुसऱ्यांदा झाली. एकदा जंगलात अंगावर आलेल्या अस्वलाला तिने आपण कोण आहोत हे ठणकावून सांगितले आणि अस्वलाने माघार घेतली. कथा अचाट आहे खरी, पण लूचीने ती अशा काही विश्वासाने केली की हसता हसता अस्वलाचीच कीव यावी.

दुपारच्या मालिकांसाठी स्वतंत्र ‘डेटाइम एमी’ पारितोषिके १९७४ पासून दिली जाऊ लागली. लूचीचे नाव प्रथम १९७८ साली आले. मिळाले नाही. पुढेही नाही. पाच, दहा, पंधरा, अठरा वेळा नाव आले आणि दुसरीच कोणीतरी मंचावर गेली. कॅमेरे लूचीच्या चेहऱ्यावर रोखलेले. ती हसते आहे, टाळ्या वाजवते आहे. हा देशाचा वार्षिक विनोद झाला. १९९० साली ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात तिला पाहुणी म्हणून बोलावले, तेव्हा तिच्याभोवती वावरणाऱ्या सगळ्यांच्या हाती एमीची बाहुली होती. तिने तोही विनोद निभावला. शेवटी २१ मे १९९९ रोजी, एकोणिसाव्या खेपेला, तिचे नाव पुकारले गेले. सभागृह उठून उभे राहिले ते कित्येक मिनिटे बसेना. तिच्याकडून हरलेल्याही टाळ्या वाजवत होत्या, काही रडत होत्या.

अठरा वेळा का नाकारले, याची एक बाजू मला फार ओळखीची वाटते. परीक्षकांकडे वर्षाचे अडीचशे भाग जात नसत. नटीने निवडलेल्या एक-दोन भागांच्या फिती जात. मी बँकेत तीसहून अधिक वर्षे काढली. रोज संध्याकाळी शेवटच्या पैशापर्यंत रोकड जुळवणारी कॅशियर आणि इन्स्पेक्शनच्या आठवड्यात लेजर सुबक करून ठेवणारा हुशार माणूस, यांत चांगला शेरा कोणाला मिळतो हे मी पाहिले आहे. एरिका एका भागात आटोपशीर दिसणारी स्त्री नव्हती. मंगळवारी ती खोटे बोलते, गुरुवारी ते खोटे तिला स्वतःलाच खरे वाटू लागते आणि तीन आठवड्यांनी ती त्यासाठी रडते. फितीत फक्त रडणे गेले तर ते भडक दिसणारच.

दुसरा पक्ष एरिका स्लेझॅकचा. (एकीचे पात्र एरिका आणि दुसरीचे स्वतःचे नाव एरिका, हा योगायोग नवख्या माणसाला चांगलाच गोंधळात टाकतो. म्हणून मी हिला स्लेझॅकच म्हणते.) आजोबा लिओ स्लेझॅक ऑपेरातले नामांकित गायक, वडील वॉल्टर चित्रपटनट, आणि स्वतः लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत नाट्यशिक्षण घेतलेली. १९७१ साली ‘वन लाइफ टु लिव्ह’ मध्ये व्हिकी लॉर्डच्या भूमिकेत ती तिसरी नटी म्हणून आली आणि मालिका संपेपर्यंत व्हिकी तिचीच झाली. व्हिकी घरंदाज, संयमी, वर्तमानपत्राची मालकीण. पण तिच्या आत निकी नावाची दुसरीच एक बेबंद बाई दडलेली. बापाने लहानपणी केलेल्या अत्याचारांनी तिच्या मनाचे तुकडे झाले आहेत. १९९५ साली तर या तुकड्यांतून एकामागून एक माणसे बाहेर आली, त्यात एक लहान मूलही, आणि स्लेझॅकने ती सगळी कपडे न बदलता, नुसत्या आवाजाने आणि मानेच्या झोकाने वेगळी केली. प्रमुख अभिनेत्रीचे एमी तिला सहा वेळा मिळाले : १९८४, १९८६, १९९२, १९९५, १९९६ आणि २००५.

या दोन पक्षांची लढाई मी प्रत्यक्ष ऐकली ती २०११ साली न्यू जर्सीत. थोरल्या बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती म्हणून साठलेली रजा घेऊन गेले होते. ताई १९७६ साली लग्न होऊन तिकडे गेली. गाडी चालवता येत नाही, नवरा दिवसभर बाहेर, शेजारी कोणी ओळखीचे नाही. पुस्तकी इंग्रजी येत होते, पण फोन वाजला की पोटात गोळा. दुपारी एक ते तीन या वेळात व्हिकी लॉर्डने तिला इंग्रजी शिकवले, असे ती आजही म्हणते. स्लेझॅकचे उच्चार स्वच्छ, वाक्ये पुरी. दुकानदाराशी नम्र पण ठाम कसे बोलावे हे ताईने तिच्याकडून उचलले. तिची शेजारीण, इटालियन वंशाची एक विधवा आजी, एरिका केनची कट्टर भक्त. दोघींची मैत्री याच वादातून जमलेली. एक वाजता ‘ऑल माय चिल्ड्रेन’, दोन वाजता ‘वन लाइफ’, आणि दोन्हीच्या मधल्या जाहिरातींत भांडण.

ताईचा मुद्दा बिनतोड होता. मला मराठीत म्हणाली, “अगं, वाईट बाई करायला काय लागतं? भुवई उंचावली की झालं. सज्जन बाई चाळीस वर्षं कंटाळवाणी न होऊ देता करून दाखव म्हणावं तुझ्या लूचीला!” शेजारणीला हेच इंग्रजीत ऐकवल्यावर ती म्हणाली, “व्हिकी आजारी पडली की हिला बक्षीस मिळतं. एरिकाला कसलाही आजार नाही. ती नुसतीच तशी आहे. ते दाखवणं सोपं वाटतं का?” मी मध्ये पडून, लूची मोठी तारका आणि स्लेझॅक मोठी अभिनेत्री असा तोडगा सुचवला. दोघींनीही माझ्याकडे असे पाहिले की मी चहा ठेवायला उठले.

त्यांचे बरोबरच होते. ‘तारका’ आणि ‘अभिनेत्री’ ही वाटणी सोयीची आहे, पण दुपारच्या मालिकेत ती टिकत नाही. जिला अभिनय येत नाही तिचे तेज चाळीस वर्षे कसे टिकेल?

या वादात एक नाव नेहमी जोडीने घेतले जाते आणि तिथेच मला खटकते. ‘जनरल हॉस्पिटल’ मधले ल्यूक आणि लॉरा. १९८१ च्या नोव्हेंबरात त्यांचे पडद्यावरचे लग्न सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिले. दुपारच्या मालिकेला असा प्रेक्षक त्याआधी मिळाला नाही आणि नंतरही नाही. एलिझाबेथ टेलर खुद्द हौसेने त्या भागांत काम करायला आली होती. पण ही प्रेमकथा सुरू झाली कशी? १९७९ साली ल्यूकने लॉरावर बलात्कार केला, तिथून. जोडी लोकांना आवडली असे दिसताच लेखकांनी त्या प्रसंगाचे नाव बदलून त्याला भुरळ म्हणायला सुरुवात केली. लॉरा करणारी जीनी फ्रान्सिस त्या वेळी सतरा वर्षांची होती. तिला ते करावे लागले आणि मुलाखतींतून त्याचे समर्थनही करावे लागले. १९९८ साली मालिकेने तो विषय पुन्हा उघडला. आपला जन्म ज्यांच्या पोटी झाला त्यांची सुरुवात अशी होती हे मुलाला कळते आणि लॉराला वीस वर्षांपूर्वीचे सगळे नव्याने सांगावे लागते. ते प्रसंग फ्रान्सिसने ज्या शांतपणे केले त्याला माझ्या मते कुठल्याही यादीत जागा हवी. ल्यूक करणाऱ्या अँथनी गिअरीला प्रमुख अभिनेत्याची आठ एमी मिळाली. फ्रान्सिसला एक, २००७ साली, तेही साहाय्यक अभिनेत्रीचे.

याद्यांमध्ये आणखी एक नाव क्वचित दिसते. १९६८ साली ‘वन लाइफ टु लिव्ह’ मध्ये एलन हॉली ही कृष्णवर्णीय नटी आली, ती गोरी समजली जाणारी कार्ला म्हणून. कित्येक महिन्यांनी तिचे वंशमूळ उघड झाले तेव्हा प्रेक्षक अवाक् झाले. टेक्सासमधल्या एका केंद्राने मालिकाच बंद केली. मालिकेचे नाव झाले ते तिच्यामुळे, पण मोबदला आणि वागणूक गोऱ्या सहकाऱ्यांच्या तोडीची मिळाली नाही, असे हॉलीने पुढे आत्मचरित्रात लिहिले. प्रमुख अभिनेत्रीचे एमी कृष्णवर्णीय नटीला पहिल्यांदा मिळाले ते २०२२ साली, मिशेल मॉर्गनला. पारितोषिके सुरू झाल्यापासून अठ्ठेचाळीस वर्षांनी. सर्वश्रेष्ठ कोण हा वाद घालताना मुळात भूमिका कोणाला मिळत होत्या, हेही विचारले पाहिजे.

आपला या वादाशी संबंध आला तो १९९० नंतर, उपग्रह वाहिन्यांबरोबर. स्टार प्लसवर ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ दिसू लागल्या तेव्हा आमच्या सोसायटीत केबलची तार नुकतीच गच्चीवरून खाली उतरली होती. ‘बोल्ड’ नावामुळे पोरांना दुसऱ्या खोलीत पिटाळले जाई आणि मोठी माणसे बातम्या बघायच्या बहाण्याने वाहिनी तिथेच ठेवत. फॅशनच्या धंद्यातले फॉरेस्टर घराणे. घरची कर्ती स्टेफनी आणि तिच्या मुलामागे लागलेली ब्रूक. ही ब्रूक आधी सासऱ्याशी लग्न करते आणि मग मुलाशी, हे कळल्यावर आमच्या शेजारच्या काकूंनी दोन दिवस कोणाशी धड बोलणे केले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पुढे काय झाले ते विचारायला आल्या. स्टेफनी करणारी सुझन फ्लॅनरी माझ्या मते अभिनयाच्या कसोटीवर या सगळ्याजणींच्या पंक्तीत बसते. प्रमुख अभिनेत्रीची चार एमी तिच्या नावावर आहेत. कपाळाला एक आठी घालून ती जो दरारा निर्माण करी तो आपल्या मालिकांतल्या सासवांना डोळ्यांभोवती काळे फासून आणि तीनदा कॅमेरा आपटूनही साधला नाही. १९९४ साली दूरदर्शनवर ‘शांति’ आली आणि दुपारची दैनंदिन मालिका आपल्या घरातही रुजली. पण ती कथा वेगळी, पुन्हा केव्हातरी.

मग माझे मत कोणाला? ताईची नाराजी पत्करून लूचीला. कारण सांगते. लांबलचक मालिकेत बहुतेक नायिकांचे एकच होते. तरुणपणी त्या बेफिकीर असतात, चाळिशीत त्यांना पश्चात्ताप होतो आणि साठीत त्या स्वयंपाकघरात कॉफी ओतत दुसऱ्यांना शहाणपण सांगतात. लेखक बदलले, निर्माते बदलले, एरिकावर संकटांची रास पडली. चौदाव्या वाढदिवशी बापाच्या मित्राने केलेला बलात्कार, त्यातून जन्मलेली आणि दत्तक दिलेली मुलगी, हे तिचे गुपित १९९३ साली उघड झाले आणि पोरकटपणाने वागणाऱ्या त्या बाईच्या मागची वीस वर्षे एकदम वेगळी दिसू लागली. लूचीने तेही केले, मुलीला हादरून पाहिले, आणि पुढच्याच महिन्यात आरशात केस नीट केले. एकेचाळीस वर्षांत, दहा हजारांहून अधिक भागांच्या त्या मालिकेत, तिने एरिकाला गोड होऊ दिले नाही. दुपारच्या त्या तासात घरातल्या सगळ्यांसाठी राबणारी बाई, स्वतःखेरीज कोणासाठीही न राबणाऱ्या एका बाईकडे बघत होती. तिला ती आवडत होती की तिचा राग येत होता, हे त्या बाईलाही नीट सांगता आले नसते. लूचीने ते सांगायची वेळ कधी येऊ दिली नाही.

वाहिनीने मात्र हिशेब पाहिला. बायका नोकरीला लागल्या, १९९५ सालच्या सिम्प्सन खटल्याच्या थेट प्रक्षेपणाने महिनोन्‌महिने मालिका विस्कळीत केल्या, प्रेक्षक गेले ते पुरते परतले नाहीत. स्वस्तात होणारे गप्पांचे कार्यक्रम परवडू लागले. २००९ ते २०१२ या चार वर्षांत ‘गायडिंग लाइट’, ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’, ‘ऑल माय चिल्ड्रेन’ आणि ‘वन लाइफ’ ओळीने बंद झाल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीएसने ‘बियाँड द गेट्स’ ही मुख्यतः कृष्णवर्णीय कलाकारांची नवी मालिका सुरू केली. मोठ्या वाहिन्यांवर दुपारची नवी मालिका १९९९ नंतर तेव्हाच आली.

‘ऑल माय चिल्ड्रेन’ चा वाहिनीवरचा शेवटचा भाग २३ सप्टेंबर २०११ रोजी, शुक्रवारी लागला. मी तेव्हा तिथेच होते. समारंभात सगळे गाव जमलेले. एरिकाचा होऊ घातलेला नवरा तिला सोडून निघतो, ती त्याच्या मागे धावते, एक माथेफिरू पिस्तूल उगारतो, गोळीचा आवाज होतो आणि पडदा काळा. गोळी कोणाला लागली हे सांगितलेच नाही. दोन वर्षांनी मालिका इंटरनेटवर काही काळ पुन्हा सुरू झाली तेव्हा लूची त्यात नव्हती.

सोमवारी एक वाजता ताईने सवयीने टीव्ही लावला. शेजारीणही सवयीने आली होती. त्या वेळेला आता पाककृतींचा आणि गप्पांचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला होता. चार-पाच उत्साही माणसे कांदा कसा चिरायचा ते दाखवत होती. दोघींनी पाच मिनिटे पाहिले. मग ताईने टीव्ही बंद केला आणि शेजारणीला विचारले, “दोन वाजेपर्यंत काय करायचं?”